बांगडीला बूड

सराफ बाजारातून भांडी बाजाराकडे जाताना एक बोळ लागतो. समोरून माणूस आला तर आपल्याला भिंतीला टेकून उभं राहावं लागतं, एवढाच. त्या बोळात माझ्या थोरल्या भावाचं, मुरलीधरदादाचं, जुनी चांदी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. मी त्याचा धाकटा भाऊ सुधाकर. इतिहास घेऊन एम.ए. झालो, नोकरी काही लागली नाही, आणि दादाच्या समोरच्या पाटावर येऊन बसलो तो तिथेच म्हातारा झालो. हात त्याचा आणि वाचन माझं, अशी आमची वाटणी होती.

दादाला जाऊन आठ महिने झाले. या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. प्रत्यक्षात दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा दादाच्या हाताचं कौतुक लिहून उठलो. ते खोटं नव्हतं, पण मला जे लिहायचं होतं ते त्यात नव्हतं. बाजारात दादाच्या नावाला एक विनोद चिकटलेला आहे: बांगडीला बूड लावणारा कारागीर. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही तेही आता तो सांगतात. हा विनोद त्याच्या नावावर असायला नको होता. का, ते सांगायचं आहे.

आधी आमचं काम काय होतं ते सांगतो. नाशकात चांदीची भांडी घडवणारे पुष्कळ. ताट, वाटी, तांब्या, समई, देवांचे टाक. आम्ही नवीन काही घडवत नसू. देवळाली कॅम्पला छावणी असल्यामुळे एके काळी तिथे गोरे अधिकारी कुटुंबांसह राहत. ते गेले तेव्हा त्यांच्या जेवणाच्या टेबलावरची चांदी सगळीच बोटीवर चढली नाही. काही शेजारच्या बंगल्यांत राहिली, काही खानसाम्यांकडे, काही लिलावात फिरत राहिली. कॉफीची भांडी, होडीच्या आकाराची सॉसची भांडी, तीन पायांच्या साखरेच्या वाट्या, फुटक्या नळीच्या किटल्या. पुढच्या पिढ्यांना त्यांचं काय करायचं ते कळेना. कुणी मोडीत घालायला निघे, कुणी दुरुस्तीला. दुरुस्तीला निघालेले आमच्या बोळात येत.

यातली बरीचशी चांदी इंग्लंडची असे, पण थोडी आयर्लंडची. ती ओळखायची खूण म्हणजे ठसे. त्या देशातल्या जुन्या चांदीवर मुकुट घातलेलं एक तंतुवाद्य कोरलेलं असतं आणि त्याच्या शेजारच्या चौकटीत एक बसलेली बाई. तिच्या अंगाला टेकून तेच वाद्य. ही बाई म्हणजे त्यांची भूमाता. पण तांदळाएवढ्या ठशात ते कोणाला दिसणार? बसलेली बाई आणि हाताशी वीणा, म्हणजे सरस्वती. आमच्या बाजारात त्या मालाला सरळ ‘सरस्वतीछाप’ म्हणत. गंगापूर रोडच्या एक मुख्याध्यापिका असा चमचा घेऊन आल्या होत्या. वसंत पंचमीला त्याची पूजा करत. त्याची मूठ वाकली होती. मी ठशाचा अर्थ सांगायला तोंड उघडलं तर दादाने पायाने माझ्या पाटाला हलकेच धक्का दिला. बाई गेल्यावर म्हणाला, “मूठ सरळ करायला दिली होती. श्रद्धा नव्हती दिली.”

आयरिश घडणीची एक गंमत अशी की ती इंग्रजी घडणीपेक्षा जास्त बोलकी. पायांच्या वर सिंहाचे मुखवटे, काठाला पानं, आणि मध्ये चक्क गावखेडं. गाय, बगळा, विहीर, पावा वाजवणारा माणूस. नामपूरचे एक कांद्याचे व्यापारी अशा घाटाचा दुधाचा जग घेऊन आले. हा जग उलटा धरला की शिपायाच्या शिरस्त्राणासारखा दिसतो. त्यांनी तो कुठल्याशा जुन्या सामानात घेतला होता.

“हाऊ तांब्या शे का गडू शे, मले काय समजत नाही,” ते म्हणाले. “कान काढी टाका. मन्ही मायले पूजाले पाहिजे.”

कान म्हणजे मूठ. दादाने जग हातात फिरवला. त्याच्यावर गाय होती आणि पावेवाला होता.

“काका, हा कृष्ण बघितलात का?”

“कुठे शे?”

“हा. गाईजवळ. मूठ काढायला आच दिली तर त्याला चटका बसेल. आईंना म्हणावं, अभिषेकाला मूठ बरी असते. हात भाजत नाही.”

“अभिषेकना दूध तर थंड ऱ्हास.”

“मग हात गार पडत नाही.”

ते हसले आणि मूठ राहिली. दादाचं असं होतं. दुसऱ्या कारागिराने घडवलेली वस्तू मोडणं त्याच्या जिवावर येई. तो कारागीर दोनशे वर्षांपूर्वी परक्या मुलखात मेला असला तरी.

त्याच्या हाताविषयी एकच सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. चांदीला चांदी जोडताना टाकणखार लावून जी झाळ देतात, ती कितीही घासली तरी जोडाच्या जागी एक बारीक फरक राहतो. डोळ्याला तो दिसत नाही. दादा अंगठ्याचं नख धारेवरून फिरवायचा आणि सांगायचा, इथे जुना जोड आहे, इथे नाही. तो चुकलेला मी पाहिला नाही.

माझ्याकडे एक पुस्तक होतं. कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडे मिळालेलं, जुन्या चांदीवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. त्यात ठशांचे तक्ते होते, चित्रं होती. त्या पुस्तकामुळे माझी बाजारात किंमत झाली. भलेभले सराफ गिऱ्हाईक आमच्याकडे पाठवत. “सुधाकररावांना दाखवा, ते वाचून सांगतील.” मी चष्मा लावून, पान उलटून, सावकाश सांगत असे. सावकाश बोलण्याने माणूस खरा वाटतो.

अशा दिवसांत खोर्शेदबाई आल्या. देवळालीच्या जुन्या बंगल्यात एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या पारशी बाई. बोळाच्या तोंडाशी रिक्षातून उतरल्या, चादरीत बांधलेलं गाठोडं पोटाशी धरून. त्यांच्या आईची एका आयरिश अधिकाऱ्याच्या बायकोशी मैत्री होती. ती मायदेशी परतताना तिने आपल्या टेबलावरची काही चांदी आठवण म्हणून दिली होती. बाईंना आता ती भाचरांमध्ये वाटायची होती. त्याआधी सगळी नीट करून हवी होती.

गाठोड्यात चमचे होते, साखरेची वाटी होती, आणि एक वस्तू आम्ही पूर्वी कधी पाहिली नव्हती. वीतभर रुंदीचं, चार बोटं उंचीचं कडं. मध्ये किंचित आवळलेलं, वर आणि खाली पसरलेलं. सगळ्या अंगाला जाळी, आणि जाळीत गाई, बगळे, झोपडी, विहीर. दोन्हीकडून आरपार मोकळं.

“आ फळांचा वाडगा,” खोर्शेदबाई म्हणाल्या. “मम्मी टेबलावर ठेवायची. मी एवढीशी होते, मला बराबर याद आहे. वर सफरचंद, चिकू. त्याचं बूड कुठे गेलं, खुदा जाणे. मुरलीधर, डीकरा, तू नवं बूड लावून दे.”

मी पुस्तक काढलं. जाळीच्या टोपल्यांची चित्रं होती. फळांच्या, पावाच्या. मी ती बाईंना दाखवली. त्यांचं समाधान झालं, माझंही झालं.

त्या गेल्यावर दादा बराच वेळ ते कडं घेऊन बसला होता. खालच्या काठावरून त्याने नख फिरवलं. एकदा, मग उलट बाजूने. मग वरच्या काठावरून.

“सुधा, याला बूड नव्हतं.”

“गळून पडलंय म्हणून तर आणलंय.”

“गळालं असतं तर झाळ राहिली असती. दोन्ही काठ कोरे आहेत. घडवणाऱ्याने गोल करून सोडलेत.” त्याने ते पाटावर ठेवलं आणि वर आपली चहाची बशी ठेवली. बशी नीट बसली. “ही अडणी आहे. आपण शंख ठेवतो तशी. गरम भांडं टेबलावर टेकू नये म्हणून खाली ठेवत असतील.”

मी हसलो. हे हसणं मला आजही ऐकू येतं. “दादा, अडणीवर एवढी नक्षी कोण करेल? आणि बाईंनी यात फळं पाहिलीत. स्वतःच्या डोळ्यांनी.”

“वर वाडगा ठेवला असेल, त्यात फळं.”

“पुस्तकात टोपलीच आहे. चित्र बघ.”

त्याने चित्र पाहिलं. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. तरी तो खालच्या ओळींकडे पाहत राहिला, कुणी काही समजावून सांगतंय का अशी वाट पाहत असल्यासारखा. मग पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाला, “तू शिकलेला. तू म्हणतोस तर वाडगा.”

चार दिवस खपून त्याने बूड लावलं. पत्रा ठोकून घेतला, काठाला कानस मारून तंतोतंत बसवला. एवढ्या नाजूक जाळीजवळ आच द्यायची, म्हणजे जाळी वितळू न देता फक्त काठ तापवायचा. फुंकणी तोंडात धरून तो श्वास मोजत असे. रिठ्याच्या पाण्यात धुऊन ती वस्तू त्याने उन्हात ठेवली, तेव्हा जोड मलाही शोधता येईना.

सहा-सात महिन्यांनी खोर्शेदबाई परत आल्या. या वेळी बरोबर त्यांचा भाचा होता, परदेशात डॉक्टरकी करणारा. ती वस्तू त्याच्या वाट्याला आली होती आणि त्याने तिथल्या जाणकाराला तिचे फोटो पाठवले होते. दुकानात आणखी तीन-चार लोक होते. त्यांत कचरूशेठ होते, कोपऱ्यावरच्या दुकानाचे मालक, आम्हाला सगळ्यांत जास्त काम देणारे.

डॉक्टरांनी वस्तू पाटावर ठेवली. आवाज चढवला नाही. “याला डिश रिंग म्हणतात. भांड्याखाली ठेवायचं कडं. खास आयरिश वस्तू आहे, फार थोड्या उरल्यात. हिला बूड नसतंच. ते कोणी लावलं?”

मी पुस्तकाकडे पाहिलं. ते माझ्या मांडीशीच होतं.

“मी लावलं,” दादा म्हणाला.

“पण का?”

“मला वाटलं, वाडगा आहे. चुकलं माझं.”

खोर्शेदबाई त्याला म्हणाल्या, “मुरलीधर, तुझ्या हाताला सगळं कळतं असं मी सगळ्यांना सांगते. आ तो मम्मीची चीज होती.”

“बाई, मी काढून देतो. जशी होती तशी.”

“तशी होईल?” डॉक्टरांनी विचारलं.

“जवळजवळ,” दादा म्हणाला. त्याने खोटं सांगितलं नाही.

या सगळ्यात मी एक शब्द बोललो नाही. बोलायला वेळ भरपूर होता. डॉक्टर पाणी प्यायले, बाईंनी रुमालाने डोळे टिपले, कचरूशेठ उठून चप्पल शोधत राहिले. मी चष्मा काढून पुसत होतो.

पुन्हा आच दिली तर जाळी सोसणार नाही, म्हणून दादाने तारेच्या बारीक करवतीने ते बूड आतून कापून काढलं. त्याला पंधरा दिवस लागले. एका बगळ्याचा पाय तुटला, तो त्याने नवा घडवून, आच न देता खाचेत दाबून बसवला. आतल्या काठाला मात्र एक केसाएवढी रेघ राहिली. डॉक्टर वस्तू घेऊन गेले. खोर्शेदबाई पुन्हा आल्या नाहीत.

आठवड्याभरात बाजारात विनोद तयार झाला होता. दादा रस्त्याने निघाला की कुणीतरी हाक मारी, “मुरलीअण्णा, आमच्या बांगडीला बूड लावून देता का? पाणी प्यायला बरी.” दुसरा म्हणे, “जोडव्यांना लावा, वाट्या होतील.” दादाही हसे. एकदा तर म्हणाला, “आणून द्या, झाकणही लावतो.” लोकांना तो दिलदारपणा वाटला. मला त्याचं हसणं दुकानात शिरल्यावर थांबलेलं दिसे.

एका दुपारी मी म्हणालो, “दादा, मी सांगतो सगळ्यांना. माझ्यामुळे झालं ते.”

तो एक चमचा घासत होता. मान वर केली नाही. “नको. माझ्या हाताला हसले तरी हात उद्या काम करतो, लोकांना दिसतं. तुझं वाचणं कुणाला दिसत नाही. त्यावरचा विश्वास उडाला तर माल येणार कुठून? घर दोघांचं आहे.”

हिशेबाने ते बरोबर होतं. मला ते इतकं सोयीचं होतं की मी ते मोठेपण म्हणून स्वीकारलं आणि गप्प राहिलो.

स्वतःची एक समजूत मी वर्षानुवर्षं घालत आलो होतो: पुस्तकात त्या अडणीचं पानच नव्हतं, मग माझा काय दोष? दादा गेल्यावर दुकान आवरताना पुस्तक पुन्हा उघडलं. पान होतं. चित्र नव्हतं, पण पाऊण पान मजकूर होता, आणि मथळ्यात ‘रिंग’ हा शब्द. शेजारी माझ्याच पेन्सिलीने खूण केलेली: ‘अंगठ्या. आपल्या कामाचं नाही.’ रिंग म्हणजे अंगठी, एवढं इंग्रजी मला येत होतं.

दादाच्या दशक्रियेनंतर बाजारातल्या लोकांनी एक छोटी शोकसभा घेतली. कचरूशेठ बोलले. प्रेमाने बोलले. “माणूस किती साधा, तर एवढा कसबी कारागीर, पण बांगडीला बूड लावून बसला आणि चारचौघांत म्हणाला, माझी चूक. आजकाल कोण म्हणतं?” लोक डोळे पुसत हसले. मग मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. दादाच्या नखाविषयी बोललो, फुंकणीविषयी बोललो, आणि बसलो.

त्यानंतर हा लेख मागितला गेला. एक दिवस दादाच्या घरी गेलो होतो. वहिनी पुढ्यात मेथी निवडत बसल्या होत्या.

“भावजी, तुम्ही ह्यांच्यावर लिहिताय म्हणे.”

“हो.”

“काय लिहिलंत?”

“हात कसा होता, ते.”

“हात सगळ्यांनीच पाहिलाय.” त्यांनी दोन काड्या बाजूला टाकल्या. “ते बूड लावलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, आज कळत असून चुकीचं काम केलं. अडणी होती. सुधा शिकलाय, त्याचं ऐकलं.”

हे सगळं ठाऊक असून इतकी वर्षं त्यांनी मला जेवायला वाढलं होतं.

“मी कधी विषय काढला नाही,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी शपथ घातली होती. पण सभेत तुम्ही उभे राहिलात ना, तेव्हा मला वाटलं, आता सांगाल.” त्यांनी भाजी सुपात ओढली. “तुम्ही पाणी प्यायलात आणि बसलात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचरूशेठच्या दुकानात गेलो. ते गादीवर होते. समोर दोन ओळखीची गिऱ्हाइकं बसली होती. म्हटलं बरंच झालं, साक्षीदार आहेत.

“कचरूशेठ, त्या आयरिश कड्याविषयी सांगायचंय. बूड दादाने आपणहून लावलं नव्हतं. तो अडणीच म्हणत होता. वाडगा मी म्हटलं. मी त्याच्याकडून लावून घेतलं.”

त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. “बसा सुधाकरराव. भाऊ गेला की माणसाला असं होतं. आमचा थोरला गेला तेव्हा मीही सगळं माझ्यावर घेत होतो.”

“तसं नाही. खरंच मी चुकलो. पुस्तक चुकीचं वाचलं.”

“तुम्ही?” ते हसले. “अहो, तुम्ही एम.ए. माणूस. पान बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही. तुमच्या हातून असं होईल का? मुरलीअण्णा बिचारे भोळे. त्यांच्या हातून होणं समजू शकतो.” मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, “याला म्हणतात भाऊ. गेल्यानंतरसुद्धा झाकतोय.”

गिऱ्हाइकांनी आदराने माना डोलावल्या. एकाने मला सरकून जागा दिली. कचरूशेठनी चहा सांगितला.

चहा आला. मी तो पूर्ण प्यालो. मग कप खाली ठेवला, आणि खोर्शेदबाई गाठोडं घेऊन रिक्षातून उतरल्या तिथपासून पुन्हा सांगायला लागलो.